आकाशगंगेचा आकार : ताऱ्यांच्या चालीवरून घेतलेला वेध

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ तालुके. त्यांपैकी वेल्ह्याचे नाव 'राजगड तालुका' करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर या नावांमुळे हा मुलूख इतिहासप्रेमींच्या परिचयाचा आहे. त्याची आणखी एक श्रीमंती सहसा कोणी मोजत नाही. ती म्हणजे तिथला काळोख. पुणे शहरातून आकाशगंगा दिसेनाशी होऊन बराच काळ लोटला. या तालुक्यांतील आडबाजूच्या खोऱ्यांत मात्र चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री तो फिकट दुधी पट्टा आजही नुसत्या डोळ्यांना दिसतो. तो पट्टा म्हणजे आपल्या तारकाविश्वाचे आतून घडणारे दर्शन होय. आपण त्याच्या बाहेर कधीही जाऊ शकत नाही. मग या विश्वाचा आकार कसा आहे, हे माणसाला कळले कसे? या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः ताऱ्यांच्या गतींच्या अभ्यासातून मिळाले आहे.

वेल्ह्याच्या आकाशातून काय दिसते?

हा परिसर सुमारे सव्वाअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. आकाशगंगेचे केंद्र खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २९ अंशांवर, धनू राशीत, मूळ नक्षत्राच्या जवळ येते. त्यामुळे येथून ते दक्षिण क्षितिजाच्या वर सुमारे ४३ अंशांपर्यंत चढते. लंडनच्या निरीक्षकाला ते जेमतेम नऊ-दहा अंशांवर, क्षितिजालगतच्या धूसर हवेत शोधावे लागते. दुसरी सोय अशी, की पुण्याच्या दिव्यांची प्रभा येथून ईशान्येला दिसते आणि केंद्र दक्षिणेला, महाबळेश्वरच्या डोंगररांगांच्या बाजूला असते.

अडचण आहे ती पावसाची. जून-जुलैत केंद्र मध्यरात्रीच्या सुमारास माथ्यावर येते, पण तेव्हा सह्याद्री ढगांत बुडालेला असतो. म्हणून फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत पहाटेपूर्वीची वेळ साधावी लागते. ऑक्टोबरात पाऊस सरला, की संध्याकाळी नैर्ऋत्येला मावळणारा केंद्राकडचा भागही पाहता येतो.

पट्टा सर्वत्र सारखा नाही. धनू-वृश्चिकाकडे तो रुंद आणि तेजस्वी आहे, तर हिवाळ्यात डोक्यावर येणाऱ्या सारथी तारकासमूहाजवळ विरळ. हंस तारकासमूहापासून धनूपर्यंत त्याच्या मधोमध काळी भेग दिसते. पट्ट्यापासून दूर, स्वाती नक्षत्राच्या बाजूला पाहावे तर तारे तुरळक. एवढ्यावरूनच दोन अनुमाने निघतात : हे विश्व तबकडीसारखे चपटे आहे आणि आपण त्या तबकडीच्या आत आहोत. याच्या पुढे मात्र नुसती नजर उपयोगी पडत नाही.

मोजदादीची मर्यादा

१६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा हा दुधी पट्टा असंख्य ताऱ्यांचा बनलेला असल्याचे स्पष्ट झाले. १७८५ मध्ये विल्यम हर्शेल यांनी निरनिराळ्या दिशांना दिसणारे तारे मोजून या विश्वाचा पहिला नकाशा काढला. तो चपटा होता, परंतु त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी डच खगोलशास्त्रज्ञ याकोबस काप्टाइन यांनी अधिक काटेकोर मोजदाद केली. त्यांनाही सूर्य मध्याजवळच आढळला.

याचे कारण होते धूळ. धुक्यात उभ्या राहिलेल्या माणसाला चहूबाजूंना सारखेच अंतर दिसते आणि धुक्याच्या मध्यभागी आपणच आहोत असे वाटते. ताऱ्यांमधील धूळ दूरचा प्रकाश अडवते, हे रॉबर्ट ट्रंपलर यांनी १९३० मध्ये दाखवून दिले. हंसापासून धनूपर्यंतची काळी भेग म्हणजे ताऱ्यांचा अभाव नसून याच धुळीचा पडदा आहे.

हार्लो शॅप्ली यांनी १९१८ मध्ये वेगळी वाट धरली. गोलाकार तारकागुच्छ हे तबकडीच्या वर आणि खालीही पसरलेले असल्याने धुळीत कमी सापडतात. त्यातील बहुसंख्य गुच्छ धनू-वृश्चिकाच्या बाजूला एकवटलेले आहेत. खरे केंद्र तिकडे असले पाहिजे आणि सूर्य त्यापासून बराच दूर असला पाहिजे, असा निष्कर्ष शॅप्ली यांनी काढला. दिशा अचूक होती. अंतर मात्र प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक निघाले होते. त्यालाही न मोजलेली धूळ काही अंशी कारणीभूत होती.

'अचल' तारे चालतात

ताऱ्यांना आपल्याकडेही पूर्वापार अचल मानले गेले. १७१८ मध्ये एडमंड हॅले यांनी प्राचीन ग्रीक नोंदींशी तुलना केली, तेव्हा स्वाती, व्याध आणि रोहिणी हे तीन ठळक तारे आपल्या जुन्या जागेवरून सरकलेले आढळले. स्वाती दर वर्षी सुमारे २.३ विकला सरकतो. अठराशे वर्षांत हे सरकणे एका अंशाहून अधिक, म्हणजे पूर्णचंद्राच्या दोन व्यासांहून जास्त भरते. ताऱ्याच्या या आकाशातील सरकण्याला 'निजगती' म्हणतात.

निजगती हा झाला आडवा वेग. तारा आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे, हे त्याच्या वर्णपटावरून समजते. येणाऱ्या ताऱ्याच्या वर्णरेषा निळ्या बाजूकडे, तर दूर जाणाऱ्याच्या तांबड्या बाजूकडे सरकतात. हाच डॉप्लर परिणाम. या वर्णपटशास्त्राची परंपरा पुण्यात जुनी आहे. कावसजी दादाभाई नेगमवाला यांच्या पुढाकाराने येथील विज्ञान महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तेथे २० इंची आरशाची दुर्बीण आणि वर्णपटाच्या अभ्यासाची उपकरणे होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

तिसरी आवश्यक गोष्ट म्हणजे अंतर. वरंध घाटातून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून पाहिले, तर जवळची झाडे झरझर मागे पडतात आणि पलीकडचा डोंगर जागचा हलत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर असेच किंचित हलल्यासारखे दिसतात. या 'पराशया'वरून अंतर काढता येते. स्थान, अंतर, आडवा वेग आणि दृष्टिरेषेतील वेग एवढे हाती आले, की तारा कोठे आहे आणि कोणत्या मार्गाने फिरतो आहे, हे दोन्ही सांगता येते.

खळ्यावरचे बैल आणि आकाशगंगेतील तारे

पूर्वी भाताच्या वा ज्वारीच्या मळणीला खळ्यावर मधल्या खांबाभोवती बैलांची पात फिरे. सारे बैल एका दाव्यात बांधलेले असल्याने एक फेरी सर्वांची बरोबरच पूर्ण होई. खांबाजवळचा बैल सावकाश चाले आणि कडेच्या बैलाला मात्र भरभर पावले टाकावी लागत. आकाशगंगा अशी फिरत असती, तर ताऱ्यांची परस्परांतील अंतरे बदललीच नसती.

प्रत्यक्षात तसे नाही. १९२६-२७ च्या सुमारास स्वीडनचे बर्टिल लिंडब्लाड आणि नेदरलँड्सचे यान ऊर्ट यांनी हे उलगडले. तारे एकमेकांना बांधलेले नाहीत; आतल्या कक्षेतील तारे आपली फेरी लवकर पुरी करतात आणि बाहेरचे मागे रेंगाळतात. सूर्यावरून पाहिले असता याची एक ठराविक खूण दिसावयास हवी. तबकडीभर नजर फिरवली, तर एका दिशेचे तारे दूर जाताना, पुढच्या चतुर्थांशातील जवळ येताना, मग पुन्हा दूर आणि पुन्हा जवळ, अशी दुहेरी लाट आढळली पाहिजे. ऊर्ट यांना उपलब्ध मोजमापांत नेमकी ती सापडली. फिरण्याचे केंद्रही त्यावरून काढता आले. ते शॅप्ली यांनी सांगितलेल्या दिशेलाच, म्हणजे मूळ नक्षत्राकडे निघाले. तारे मोजून जे शतकभर दिसले नव्हते, ते तारे कसे चालतात हे पाहिल्यावर दिसले.

स्वातीचे उदाहरण येथे बोलके ठरते. केंद्राभोवतीच्या प्रवासात हा तारा सूर्याच्या मानाने सेकंदाला सुमारे शंभर किलोमीटरने मागे पडतो. त्याची चाल सूर्यासारख्या पातळ तबकडीतील ताऱ्यांपेक्षा जुन्या, जाड तबकडीतील ताऱ्यांशी अधिक जुळते. जाड तबकडीचे हे वेगळे अस्तित्व १९८३ मध्ये जेरार्ड गिलमोर आणि नील रीड यांनी मांडले. आज तो आपल्यापासून ३७ प्रकाशवर्षांवर आहे, परंतु आपला कायमचा शेजारी नव्हे.

तबकडी किती जड, किती जाड?

केंद्राभोवती फिरताना तारे तबकडीच्या पातळीच्या वर-खालीही हेलकावे घेतात. चेंडू किती वेगाने वर फेकला आणि किती उंच गेला हे ठाऊक असेल, तर पृथ्वीचे ओढबळ काढता येते. ऊर्ट यांनी १९३२ मध्ये हाच न्याय ताऱ्यांना लावला. ताऱ्यांचे उभ्या दिशेतील वेग आणि त्यांनी गाठलेली उंची यांवरून सूर्याच्या परिसरातील तबकडीचे वस्तुमान त्यांनी काढले.

संपूर्ण आकाशगंगेसाठी प्रदक्षिणेचा वेग उपयोगी पडतो. केंद्रस्थानी सुमारे ४३ लाख सूर्यांइतके वस्तुमान असलेले कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती १६ वर्षांत फेरी मारणाऱ्या एका ताऱ्याची कक्षा वर्षानुवर्षे मोजली गेली. या संशोधनासाठी राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२० च्या भौतिकीच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. त्या कक्षेवरून केंद्राचे अंतर सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे येते. शिवाय ते केंद्र दूरस्थ क्वेसारांच्या पार्श्वभूमीवर दर वर्षी ६.४ सहस्रांश विकला सरकताना दिसते. हे सरकणे म्हणजे सूर्याच्याच गतीचे प्रतिबिंब. अंतर आणि सरकणे यांवरून सूर्याचा वेग सेकंदाला सुमारे २५० किलोमीटर येतो. एक प्रदक्षिणा पुरी व्हायला २० कोटींहून अधिक वर्षे लागतात. सूर्याच्या कक्षेच्या आत एवढे ओढबळ निर्माण करायला सुमारे १० हजार कोटी सूर्यांइतके वस्तुमान लागते.

रेडिओ लहरींनी उघडलेली बाजू

धुळीपलीकडचे पाहण्यासाठी हायड्रोजन वायू मदतीला आला. हा वायू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडील, असे भाकीत हेन्ड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केले. १९५१ मध्ये अमेरिकेत युएन आणि पर्सेल यांनी त्या प्रत्यक्ष टिपल्या. धूळ या लहरींना अडवत नाही आणि डॉप्लर परिणामामुळे वायूचा वेगही कळतो. त्यातून सर्पिल भुजांचे पहिले नकाशे तयार झाले आणि तबकडीची कड वाकलेली असल्याचे १९५७ च्या सुमारास लक्षात आले. पुणे जिल्ह्यातीलच खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण ही लहर टिपू शकते.

बाहेरच्या वायूचे आणि ताऱ्यांचे वेग मोजले, तेव्हा एक कोडे उभे राहिले. तेजस्वी भाग संपल्यावर वेग झपाट्याने घटायला हवा होता. तो दूरवर फारसा घटला नाही. म्हणजे न दिसणाऱ्या द्रव्याचे, कृष्णद्रव्याचे मोठे मंडल आपल्या तबकडीभोवती असले पाहिजे. मग या अदृश्य मंडलाचा आकार कसा? चेंडूसारखा गोल, भाकरीसारखा चपटा, की उभ्या अंड्यासारखा लांबट?

या प्रश्नावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ संशोधन केलेल्या डॉ. चंदा जोग यांचे काम महत्त्वाचे आहे. तारे, वायू आणि कृष्णद्रव्य यांचा एकमेकांवरील ओढा एकत्रित हिशेबात घेतला पाहिजे, ही त्यांच्या मांडणीतील सूत्रकल्पना. हायड्रोजनचा थर केंद्रापासून दूर जाताना जाड होत जातो. तो किती जाड होतो, हे वायूकणांचा वेग आणि उभ्या दिशेतील ओढबळ यांवर ठरते; म्हणून जाडीवरून ओढबळ आणि ओढबळावरून मंडलाचा आकार काढता येतो. अरुणिमा बॅनर्जी आणि जोग यांनी २०११ मध्ये दाखविले, की बाह्य भागात हे मंडल तबकडीला काटकोनात लांबट असावे आणि अंतराबरोबर ते अधिकाधिक लांबट होत जावे. आकाशगंगेने गिळलेल्या लहान दीर्घिकांचे ताऱ्यांचे प्रवाह वापरणाऱ्या इतर गटांना वेगळे आकार मिळाले आहेत. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

हैदराबादच्या काचा ते गाया उपग्रह

निजगती मोजायची तर दोन काळांतील छायाचित्रे हवीत. १८८७ मध्ये पॅरिसच्या पुढाकाराने साऱ्या आकाशाचे छायाचित्रण अनेक वेधशाळांनी वाटून घेतले. त्यातील एक पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी स्थापन केलेली ही वेधशाळा तेव्हा ज्या संस्थानात होती, त्यातच आपला मराठवाडाही होता. काचेच्या तबकांवर तारे टिपून त्यांची स्थाने हाताने मोजण्याचे ते काम कंटाळवाणे होते आणि त्याचे फळ अनेकांना हयातीत दिसले नाही. ते मिळाले २००० मध्ये. हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजमापांना या शतकभर जुन्या नोंदींची जोड देऊन सुमारे २५ लाख ताऱ्यांच्या निजगतींची 'टायको-२' ही सूची तयार झाली.

त्यानंतर आला युरोपीय अंतराळ संस्थेचा गाया उपग्रह. १९ डिसेंबर २०१३ रोजी तो सुटला. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून जानेवारी २०२५ पर्यंत त्याने वेध घेतले आणि मार्च २०२५ मध्ये तो निवृत्त झाला. ठळक ताऱ्यांबाबत त्याची अचूकता हजार किलोमीटरवरील केसाची जाडी मोजण्याइतकी होती. २०२२ च्या सूचीत सुमारे १८० कोटी खस्थ पदार्थ आणि ३ कोटी ३० लाख ताऱ्यांचे दृष्टिरेषेतील वेग आहेत. संपूर्ण निरीक्षणांवर आधारलेल्या पुढील सूचीवर अभ्यास अद्याप व्हायचा आहे.

गायाने हाती दिलेले चित्र स्थिर तबकडीचे नाही. २०१८ मध्ये सुमारे ६० लाख ताऱ्यांची तबकडीपासूनची उंची आणि उभा वेग एकत्र मांडले असता गोगलगायीच्या शंखासारखे वळण उमटले. पाण्यात दगड पडल्यावर तरंग उठावेत, तशी आपली तबकडी गेल्या ३० ते ९० कोटी वर्षांत केव्हातरी ढवळली गेली, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. धनू राशीतील एका बटू दीर्घिकेवर संशय आहे. केंद्राभोवती तारे उलटसुलट लांबट कक्षांत फिरतात, ही तबकडीच्या मध्यातील दांड्यासारख्या रचनेची खूण पक्की झाली. सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका आपल्यात विलीन झाल्याचे तिच्या ताऱ्यांच्या विजोड चालीवरून ओळखता आले. सेफीड चल ताऱ्यांच्या २०१९ मधील नकाशांनी वाकलेली कड त्रिमितीत दाखवली. ताऱ्यांचे आजचे वेग हे कालच्या घटनांचे दप्तर असते, हे या साऱ्यांतून दिसते.

काळोखाचे मोल

अशा उपग्रहांच्या काळात वेल्ह्याच्या काळोखाचे काय महत्त्व, असे कोणी विचारील. संशोधनाची मोजमापे आता अंतराळातून होतात, हे खरे. पण या विज्ञानाची सुरुवात करणारा प्रश्न तो पट्टा पाहूनच पडतो, आणि जो पट्टा एकदाही पाहिलेला नाही त्याच्या आकाराचे कुतूहल मुलांना कोठून यावे? २०१६ मधील एका जागतिक अभ्यासानुसार मानवजातीच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. पुणे-सातारा महामार्गाच्या कडेने वाढणारे दिवे याच दिशेने सरकत आहेत.

उपाय महागडे नाहीत. दिव्याचा झोत जमिनीकडे वळवणारी झाकणे, पिवळसर मंद प्रकाश आणि गरज नसताना बंद ठेवलेले फ्लडलाइट एवढ्याने बरेच साधते. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातील पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला. भोर-वेल्ह्यात गडांचे जतन होते, तसे गडांवरच्या आकाशाचेही करता येईल. तोरण्याची तटबंदी ढासळली तर ती पुन्हा बांधता येते. पुण्याच्या इतक्या जवळचा काळोख एकदा गेला, की तो परत मिळवणे फार कठीण.

आकाशगंगा : दृष्टिक्षेपात

प्रकार : मध्ये दांडा असलेली सर्पिल दीर्घिका
तबकडीचा व्यास : सुमारे १ लाख प्रकाशवर्षे
सूर्याचे केंद्रापासून अंतर : सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे
सूर्याचा वेग : सेकंदाला सुमारे २५० किलोमीटर
एक प्रदक्षिणा : २० कोटींहून अधिक वर्षे
केंद्रातील कृष्णविवर : सुमारे ४३ लाख सूर्यांइतके
केंद्राची दिशा : धनू रास, मूळ नक्षत्राजवळ
भोर-वेल्ह्यातून पाहण्याचा उत्तम काळ : मार्च ते मे, पहाटेपूर्वी, अमावास्येच्या आसपास